मांडवात बोलावलेला शब्द

तानी बोलत नाही. म्हणजे मुकी नाही ती. पण आमच्या खानावळीत सकाळपासून दुपारपर्यंत भाकऱ्या थापते, तांदूळ निवडते, आणि तेवढ्या वेळात तिच्या तोंडातून निघालंच तर "पीठ सरला" नाहीतर "गॅस बारीक कर" एवढंच निघतं. मला असं गप्प माणूस सोसत नाही. मी गोजराबाई, माणदेशातली. आमच्याकडं साधं "जेवलास का" विचारलं तरी शेजाऱ्याला वाटतं भांडण लागलं. मालक इथं बोईसरला कापडाच्या कंपनीत लागले म्हणून मी आले. ते रिटायर होऊन खुर्चीत बसले तरी बेटेगावच्या रस्त्यावरची माझी खानावळ चालूच आहे. सुरुवातीला तानीवर मी लई चिडायचे. "अगं बाई, तोंडाला कुलूप घातलंय का?" ती नुसती हसायची.

मग एकदा लग्नसराईत तिनं मला तिच्या पाड्यावर लग्नाला नेलं, आणि मी गारच पडले.

वारली लोकांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी असते. बाईमाणूस. ती गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. तर आमची ही गप्प तानी त्या पाड्याची धवलेरी निघाली! सकाळी मांडवात बसली ती ऊन कलेपर्यंत गातच होती. हातात कागद नाही, समोर कोणी सांगणारं नाही. तांदळाला बोलावलं, हळदीला बोलावलं, मुसळाला, सुपाला, डोंगराला, नदीला, नवरीच्या गावाला, नवरीच्या आईला. एकेकाचं नाव घ्यायची, मागं बसलेल्या बाया ती ओळ उचलायच्या, आणि मी तोंडात बोट घालून बघत होते. वर्षभर न बोललेलं ही बाई कुठं साठवते ते मला त्या दिवशी कळलं.

"कुठनं शिकलीस गं हे सगळं?" परत येताना मी विचारलं.

"आतेनं दिला. तिला तिचे आतेनं. एक शबुद इकडचा तिकडं केला नाय कोनी."

"आणि एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं तर?"

"नाव घेतल्याबगर मांडवात काय येत नाय, बाय. दारातच ऱ्हाते."

एवढं बोलून तिनं पुढच्या महिन्याभराचं बोलणं संपवलं. मीही ते विसरून गेले. आठवलं ते नीमा आली तेव्हा.

नीलेश तानीचा एकुलता एक. वेल्डिंग शिकला, एमआयडीसीत लागला, आणि त्याच्या कंपनीनं आफ्रिकेत टांझानिया म्हणून देश आहे तिथं कारखाना उभा करायला घेतला तेव्हा याला धाडलं. मोरोगोरो त्या गावाचं नाव. पोरगा काही वर्षं राहिला आणि येताना बायको घेऊन आला. त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये होती. लग्न तिथल्या ऑफिसात सह्या करून झालेलं. तानीनं मला सांगितलं, सुनेचं नाव नीमा. मी म्हटलं, "मग आपलीच की! कुठली, विरारची का?"

समोर आली तेव्हा बघतच राहिले. ताडमाड उंच, केसांच्या बारीक बारीक वेण्या, आणि हसणं असं की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल. मला तर ती पहिल्या झटक्यात आवडली. म्हटलं चला, या खानावळीत माझ्या आवाजाला जोड मिळाली.

पण पाड्याच्या लेखी ते लग्न झालेलंच नव्हतं. धवलेरीनं गाऊन आत घेतल्याशिवाय सून घरची होत नाही. तिनं आतल्या खोलीत जायचं नाही, जिथं भाताची कणगी असते आणि कणसरी, म्हणजे त्यांची धान्याची देवी, बसते. नव्या भाताला हात लावायचा नाही. आता गाणार कोण? आसपासच्या दोघी धवलेऱ्यांनी आधीच हात वर केले. म्हणाल्या, तिचे गावाचं नाव आमचे गीतात नाय, आमी तिला बोलवायचा कसा? राहिली तानी. आणि तानी अडून बसली. आतेनं दिलेलं गीत, त्यात आपल्या मनाचा शब्द घालायचा म्हणजे सांभाळायला दिलेल्या वस्तूला चीर पाडायची, असं तिचं मत. नीलेश एक दिवस माझ्यासमोरच तिला बोलला, "आयस, नाय तर नाय. भातकापणी झाली का आमी दोघं परत जाव. तिकडं हिला कोनी भायेर उभी नाय करत."

तानीनं वर बघितलं नाही. हातातली भाकरी थापत राहिली. पण मला दिसत होतं ना! एका हाताला आते, दुसऱ्या हाताला लेक, आणि दोन्ही हात पिठात.

मी म्हटलं, हिला घरात बसवून काय करतेस, आण माझ्याकडं. तेव्हापासून नीमा रोज सासूबरोबर खानावळीत यायला लागली.

आता यांचं बोलणं कसं व्हायचं ते ऐका. तानी घरात वारली बोलते, बाजारात मराठी, आणि गिऱ्हाइकाशी हिंदी. नीमा आईशी तिच्या डोंगरातली बोली बोलायची, बाजारात स्वाहिली, कागदावर इंग्रजी, आणि नीलेशकडून थोडी हिंदी उचललेली. दोघींच्या मिळून पोतंभर भाषा आणि एकमेकींना सांगायला एक वाक्य नाही! मग त्यांनी जे हाताला लागेल ते वापरायला सुरुवात केली. भात संपला की "भातफिनिश". कालवण मंद शिजवायचं असलं की "गॅस पोलेपोले". पोलेपोले म्हणजे त्यांच्यात हळूहळू. बघता बघता माझ्या तोंडात तेच बसलं. एकदा मालकांना म्हणाले, "जिना पोलेपोले उतरा," तर ते खुर्चीतून उठून माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागले.

एकदा मी चहाची किटली मागितली. नीमानं दोन्ही किटल्या उचलल्या आणि म्हणाली, "विटली."

"काय विटली? मीच विटले तुझ्यापुढं!"

ती हसत सुटली. मग तिनं परातीतल्या पिठात बोटानं एक गोल काढला आणि त्याच्या भोवतीनं रस्ता. आपल्या नाक्यावर सर्कल असतं ना, तसं. तिच्या देशात इंग्रजांनी अशा प्रत्येक गोलापाशी पाटी लावली होती, 'कीप लेफ्ट', डावीकडनं जा. लोकांनी त्या गोलाचंच नाव ठेवलं किपिलेफ्टी. बरं, तेवढ्यावर थांबतील तर! त्यांच्या भाषेत बऱ्याच वस्तू एक असली की 'कि'नं सुरू होतात आणि पुष्कळ असल्या की 'वि'नं. सुरी एक असली तर किसू, ढीगभर असल्या तर विसू. मग गोल एक असला तर किपिलेफ्टी, आणि शहरात चार असले तर विपिलेफ्टी. म्हणून किटली एक, आणि दोन झाल्या की विटली!

मी उलथनं हातात धरून तशीच उभी. काय माणसं म्हणायची ही! साहेब दरडावून सांगून गेला, डावीकडनं जा. यांनी त्या हुकमाचं नुसतं नाव केलं नाही, त्याला पोरंबाळंही होऊ दिली. आणि मी इतकी वर्षं किटली किटली म्हणतेय, ती तरी कुठली माझ्या आईच्या माहेरची? तीही साहेबाच्याच टेबलावरनं आलेली. पण माझ्या चुलीवर काळी झाली आणि माझी झाली. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं माझ्या.

संध्याकाळपर्यंत बिहारकडची पोरं जेवायला आल्या आल्या ओरडत होती, "चाची, दो विटली चाय!"

पण तानी हसली नाही. ती पिठातल्या त्या गोलाकडं बघत होती. मग तिनं नीमाला विचारलं, "परका शबुद. कोन रागावला नाय?"

मी हिंदीत सांगितलं. नीमाला ते नवलच वाटलं. म्हणाली, "गुस्सा क्यों? घर में आया ना? तो घर का कपडा पहनेगा."

तानीनं पीठ सारखं केलं आणि पुढची भाकरी घेतली.

नीमाची आणखी एक तऱ्हा होती. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात यायची, उंबऱ्याबाहेर थांबायची आणि मोठ्यानं म्हणायची, "होडी!" मी आपली रोज खेकसायची, "होडी पाहिजे तर सातपाटीच्या बंदरावर जा, इथं चपात्या मिळतात." सगळे हसायचे, तीही हसायची. क्षणभर थांबायची, मग चप्पल काढून आत यायची. मला वाटायचं, यांच्यात नमस्काराला म्हणत असतील. तानी म्हणाली, घरी पण असंच करते. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पाण्याचा हंडा घेऊन जाते, हळूच "होडी" म्हणते, उभी राहते, मग हंडा तिथंच ठेवून मागं फिरते.

दुपारचं काम उरकलं की नीमा डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून आईशी बोलायची, चित्र दिसेल असं. फोन ठेवताना रोज एकच शब्द म्हणायची, "नीमेकुमिस." तानीनं त्यातलं मिस बरोबर पकडलं. तिला मिस्डकॉल माहीत होता. नीमानं बोटांवर फोडून दाखवलं. नी म्हणजे मी, मे म्हणजे झालं, कु म्हणजे तुला, आणि शेवटी इंग्रजी मिस. आई, मला तुझी लई आठवण आली, एवढं सगळं त्या एका शब्दात. तानीनं तो शब्द दोनतीनदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला.

"म्हंजे मिस त्यांची सून झाली," ती म्हणाली.

तर असाच एक दिवस फोन चालू होता. आई तिकडं चुलीशी बसून भाजी चिरत होती. तिच्या दारात कोणीतरी बाई आली आणि तिनं हाक दिली, "होडी!" आईनं मान वरसुद्धा केली नाही. चिरता चिरताच म्हणाली, "करीबू!" आणि ती बाई आत आली.

तानीचा हात थांबला. "ती काय बोलली? तुजी आयस?"

नीमानं सांगितलं. बाहेरचा माणूस म्हणतो होडी. आतला म्हणतो करीबू, म्हणजे ये, जवळ ये. आतून करीबू आल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही.

"आणि आतनं कोणी बोललंच नाही तर?" हे मी विचारलं.

"तो वेट," नीमा म्हणाली. "फिर वापस."

एवढं बोलून ती भांडी घासायला निघून गेली, जशी काही मोठी गोष्टच नाही. म्हणजे पोरगी रोज सकाळी माझ्या दारात उत्तरासाठी उभी राहत होती, आणि मी तिला सातपाटीचा रस्ता दाखवत होते! तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तानी नीमा गेली तिकडंच बघत होती. तानीची भाकरी करपलेली मी कधी बघितली नव्हती.

मला वाटलं आता सुटला तिढा. मी म्हटलं, "अगं, घाल की गीतात! कोण अडवतंय तुला?" तिनं नुसती मान हलवली. आते वारलेली, विचारायचं कोणाला? भात कापून झाला, झोडून झाला. नीलेश तिकिटांची चौकशी करायला लागला.

मग एका सकाळी तानी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. काम करताना ती मांडवातलं गीत नुसतं गुणगुणते, ओठ बंद ठेवून. त्या दिवशी शब्द ऐकू येत होते. पिवळ्या हातांना बोलवा गो, शिवारातल्या वाटेला बोलवा गो, रेलचे वाटेला बोलवा गो... आणि गपकन थांबली.

"गोजरा, रेल कोनाची?"

"कोणाची म्हणजे? सरकारची."

"नाय. शबुद कोनाचा?"

"इंग्रजांचा की. रूळ त्यांनीच टाकले, नाव त्यांचंच."

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे आदी गीतात रेल नवती."

"कशी असेल? गाडीच नव्हती तर."

"मंग कोनतरी पयली बोलली आसंल," तानी म्हणाली. "आमचे सारकी मांडवात बसली आसंल. रेलनं आली आसंल नवरी कोनची. तिला बी वाटला आसंल, घालू का नको. तिला बी भ्याव वाटला आसंल, बाय."

कोण असेल ती बाई? तिचं नाव कोणाला ठाऊक नाही, तिचा पाडाही कोणाला ठाऊक नाही. डोंगराच्या पायथ्याशी बसून तिनं साहेबाच्या आगगाडीला मांडवात बोलावलं, आणि ती गाडी किती बायांच्या तोंडून जात माझ्या खानावळीपर्यंत आली! आणि तानी समजत होती की एकही शब्द इकडचा तिकडं झालेला नाही.

त्या दिवशी जाताना तिनं मला लेकाला फोन लावायला सांगितला. म्हणाली, "नीलेशला बोल, तिकीट नको काडू."

लग्न थंडीच्या शेवटी झालं. आतल्या भिंतीवर बायांनी तांदळाच्या पिठानं चौक लिहिला, पांढराशुभ्र, नजर ठरत नव्हती. नीमाला हळद लावली होती. त्या काळ्या तुकतुकीत कातडीवर हळद अशी चमकत होती की बाया पुन्हा पुन्हा हात लावून बघत होत्या. तानी मांडवात बसली. तांदळाला बोलावलं, हळदीला बोलावलं, रेलला बोलावलं. रेलपाशी तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग आली नवरीच्या गावाची जागा.

तानी थांबली.

मागच्या बाया ओळ उचलायला तोंड उघडून बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. त्या दोघी धवलेऱ्याही आल्या होत्या, पदर तोंडाला लावून. नीलेश जमिनीकडं बघत होता. नीमाला तर काहीच माहीत नव्हतं. ती दाराबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडं उभी होती, जिथं उभं राहायला सांगितलं होतं तिथं.

तानीनं डोळे मिटले आणि उचललं. मोरोगोरोचे डोंगराला बोलवा गो. मोठे दर्याला बोलवा गो. चूल फुंकते ती आयस गो, तिला बोलवा गो. आणि मग चाल तीच ठेवून, जरा खालच्या सुरात,

दारात कोन गो, दारात कोन,
दारात बोलते होडी गो,
आतुन बोला, आतुन बोला,
आतुन बोला करीबू.

पहिल्या खेपेला बाया अडखळल्या. नवा शब्द, जिभेला सापडेना. तानीनं ओळ पुन्हा दिली. दुसऱ्यांदा चारदोघींनी धरली. तिसऱ्यांदा सगळा मांडव म्हणत होता, आतुन बोला करीबू, आणि त्या दोघी धवलेऱ्यांचे पदर तोंडावरनं खाली आले होते. मीपण ओरडले, सुरात का बेसूर देव जाणे. रिक्षावाल्याला मागं वळायला लावणारी ती पोरगी एवढीशी झाली, उंबऱ्यापाशी खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हुंदके मांडवभर ऐकू येत होते. तानी गाता गाताच उठली, तिला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि तिचा हात कोपरापर्यंत नव्या भातात घातला.

दुसऱ्या दिवशी खानावळीच्या दारात हाक आली, "होडी!" मी आतून सगळा जोर लावून म्हटलं, "करीबू गं बाई, करीबू! ये आता, विटली घासायच्या पडल्यात."

इथं गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण पाऊस लागायच्या आधी वरच्या पाड्यावर आणखी एक लग्न होतं आणि मी तानीबरोबर गेले. नवरी पलीकडच्याच गावची, साधी वारल्याची पोर. रिक्षानं आलेली. मागं बसलेल्या बायांत नीमाही होती, ओळी उचलत होती. तानी गीतात नवरीच्या दाराच्या ओळीपर्यंत आली, आणि मी ऐकते तर काय! दारात बोलते होडी गो, आतुन बोला करीबू. आणि कोणी अडखळलं नाही.

मी तिच्या कानाशी लागले. "अगं, ही तर इथलीच. हिला कशाला करीबू?"

"एकदा नाव घेतला ना," तानी म्हणाली, "आता त्याला गीतातना भायेर कसा काडू?"

माझ्या पुढं एक शाळकरी पोरगी बसली होती. तिनं शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, करीबू म्हंजे काय गो?" म्हातारीनं तंबाखू गालात सरकवली. "ये म्हंजे," ती म्हणाली. "आपलाच शबुद हाय. जुना हाय लय." मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं, आणि न बोलताच मिटून घेतलं.